शिक्षा आणि शिक्षण : शालेय शिस्तीतील शारीरिक शिक्षेचे स्थान

सारांश

शाळेत मुलाला मारण्यास भारतात २०१० पासून कायद्याने स्पष्ट बंदी आहे. तरीही छडी, उठाबशा, अंगठे धरणे, वर्गाबाहेर उभे करणे यांसारख्या शिक्षा शाळांतून व खाजगी शिकवण्यांतून नाहीशा झालेल्या नाहीत. प्रस्तुत लेखात शारीरिक शिक्षेची मराठी समाजातील परंपरा, तिच्याविषयीचा कायदा, मानसशास्त्रीय संशोधनाचे निष्कर्ष आणि तिच्या समर्थनार्थ मांडले जाणारे युक्तिवाद यांचा परामर्श घेतला आहे. शारीरिक शिक्षा हे शिस्तीचे साधन नसून शिस्त घडविण्यासाठी लागणारा वेळ, प्रशिक्षण आणि मनुष्यबळ यांच्या उणिवेवर घातलेले पांघरूण आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रस्तावना

'शिक्षण' आणि 'शिक्षा' हे दोन्ही शब्द संस्कृतातील 'शिक्ष्' या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. या धातूचा अर्थ शिकणे असा आहे. सहा वेदांगांपैकी उच्चारांचे शास्त्र सांगणाऱ्या वेदांगाचे नावच 'शिक्षा' असे आहे. हिंदीत आजही 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र या शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला आणि तोच रूढ झाला. 'धडा शिकविणे' या वाक्प्रचाराचेही असेच झाले आहे. वर्गातील गुरुजी धडा शिकवितात आणि रस्त्यावर सूड घेणाराही 'धडा शिकवितो'. शब्दांच्या अशा प्रवासावरून समाजाविषयी एकदम अनुमान काढणे योग्य नाही. तथापि शिकविणे आणि शिक्षा करणे या दोन क्रिया मराठी मनात किती जवळजवळ नांदत आल्या आहेत, याची ती एक खूण आहे, हे नाकारता येत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास ठाण्यातील नौपाड्यासारखा परिसर उपयुक्त आहे. नौपाडा हा ठाणे शहराचा जुना आणि प्रामुख्याने मराठीभाषक मध्यमवर्गाची वस्ती असलेला भाग. गोखले रोड, राम मारुती रोड, विष्णूनगर, घंटाळी या पट्ट्यात शाळा, खाजगी शिकवण्यांचे वर्ग आणि अभ्यासाविषयी दक्ष पालक यांची दाटी आहे. शिक्षणाला सर्वस्व मानणाऱ्या अशा वस्तीत शारीरिक शिक्षेचा प्रश्न क्रौर्याच्या स्वरूपात क्वचितच समोर येतो. बहुतेक वेळा तो काळजीच्या रूपाने येतो. 'मुलाचे भले व्हावे म्हणूनच मारले' हे वाक्य येथे घराघरात समजते. म्हणून दुष्ट शिक्षकाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा निर्णय करणे सोपे असले तरी अपुरे आहे. मुलाचे हित चिंतणाऱ्या शिक्षकाने किंवा पालकाने केलेल्या शिक्षेला शिक्षणात स्थान आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

२. संकल्पनेची व्याप्ती

शारीरिक शिक्षा म्हणजे केवळ छडीचा मार नव्हे. बालन्याय अधिनियम, २०१५ मध्ये तिची व्याख्या दिली आहे. एखाद्या कृत्याबद्दल प्रतिशोध म्हणून, अथवा मुलाला शिस्त लावण्याच्या किंवा सुधारण्याच्या हेतूने त्याला जाणीवपूर्वक वेदना देणारी शिक्षा करणे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. या व्याख्येत 'सुधारण्याच्या हेतूने' दिलेली वेदनाही अंतर्भूत आहे, ही बाब महत्त्वाची आहे. हेतू चांगला असल्याने कृतीचे स्वरूप बदलत नाही, ही भूमिका कायद्याने स्वीकारली आहे.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत शारीरिक शिक्षा, मानसिक छळ आणि भेदभाव असे तीन प्रकार मानले आहेत. चापट मारणे, कान पिळणे, केस ओढणे यांबरोबरच बाकावर उभे करणे, गुडघे टेकून बसविणे, कान धरून उभे ठेवणे, खोलीत कोंडणे या गोष्टीही शारीरिक शिक्षेतच मोडतात. टोपणनावाने हिणविणे, उपरोध करणे, चारचौघांत लाज आणणे हा मानसिक छळ होय. शहरी शाळांत छडी मागे पडत असताना हा दुसरा प्रकार तिची जागा घेतो. चाचणीतील गुण सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखविणे किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एखाद्या मुलाची तक्रार टाकणे यात कोणाचा हात उठत नाही. पण मुलाच्या मनावर होणारा आघात त्याच जातीचा असतो.

३. मराठी परंपरेतील छडी

पंतोजींच्या शाळेपासून छडी ही शिक्षकाच्या अधिकाराची खूण मानली गेली. मुलाला शाळेत घालताना 'हवे तेवढे मारा, पण शहाणे करा' असे सांगणारे पालक अनेक पिढ्यांनी पाहिले आहेत. या समजुतीला साहित्याने आणि चित्रपटानेही गोडवा दिला. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटातील छडीची विद्येशी सांगड घालणारे गाणे आजही मुलांच्या तोंडी आहे. साने गुरुजींच्या मूळ पुस्तकातही पोहायला जाण्यास घाबरून लपलेल्या श्यामला आई मार देऊन घराबाहेर काढते. वाचकाच्या स्मरणात मात्र तो मार राहत नाही. राहतात ते नंतरचे आईचे अश्रू आणि तिची माया. मारणाऱ्याच्या प्रेमाविषयी खात्री असल्यामुळे मार क्षम्य ठरतो, हा संस्कार मराठी मनावर येथून दृढ झाला.

परंतु त्याच साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आणि तेथील छात्रालयात जी पद्धत अवलंबिली ती वेगळी होती. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणारा, त्यांची कामे न बोलता स्वतः करणारा हा शिक्षक मुलांना भयाने वळवीत नव्हता. पुस्तकातील आईचा मार सर्वांना ठाऊक असतो. लेखकाची स्वतःची शिक्षकी मात्र तितकीशी आठवली जात नाही.

दुसरे उदाहरण लोकमान्य टिळकांच्या शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीचे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक मुलांना ती शाळेतच सांगितली जाते. वर्गात टरफले पडली म्हणून सर्वांना शिक्षा होते आणि ज्याने शेंगा खाल्ल्या नाहीत तो बाळ शिक्षा नाकारतो. अन्याय्य शिक्षा नाकारण्यात स्वाभिमान आहे, हे या गोष्टीचे तात्पर्य. ती सांगणाऱ्या वर्गातच एकाच्या चुकीबद्दल सर्वांना उभे करण्याची प्रथा चालू राहते, ही विसंगती विचारार्ह आहे. आदर्श म्हणून गौरविलेला मुलगा प्रत्यक्ष वर्गात मात्र उद्धट ठरतो.

४. कायद्याची वाटचाल

शिक्षकाला मुलावर हात उगारण्याचा अधिकार कोठून मिळाला, याचे उत्तर इंग्रजी न्यायपरंपरेत सापडते. १८६० मध्ये इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथील हॉप्ली नावाच्या शिक्षकाने एका विद्यार्थ्याला इतके मारले की तो मरण पावला. त्या खटल्यात शिक्षकाला दोषी ठरविताना न्यायालयाने असे तत्त्व मांडले की, पालक आणि पालकाच्या वतीने शिक्षक मुलाला सुधारण्यासाठी माफक व वाजवी शारीरिक शिक्षा करू शकतात. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता संमत झाली. तिच्या कलम ८९ मध्ये बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा पालकाच्या संमतीने सद्भावपूर्वक केलेल्या कृतीला संरक्षण मिळाले. हे संरक्षण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २७ म्हणून कायम आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, 'माफक' शिक्षेचे तत्त्व एका मुलाच्या मृत्यूच्या खटल्यात जन्मले. माफक कोठे संपते आणि अतिरेक कोठे सुरू होतो, हे मारणाऱ्याला मारताना कळत नाही. ते बहुधा नंतर न्यायालयात ठरते.

स्वतंत्र भारतात या भूमिकेत टप्प्याटप्प्याने बदल झाला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून वगळण्याचा निर्धार व्यक्त केला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली. शालेय शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, असे त्या संहितेचे कलम २८ सांगते. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांत शारीरिक शिक्षेला मुभा देणारा तेथील नियम रद्द केला. गोव्याने २००३ च्या बालक अधिनियमाद्वारे शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा देता येत नाही किंवा त्याचा मानसिक छळ करता येत नाही. तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते.

या बंदीत काही फटी आहेत. पहिली वयाची. हा अधिनियम सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. नववी-दहावीच्या ज्या वर्गांत परीक्षेचा ताण सर्वाधिक असतो, तेथील बहुतेक मुले त्याच्या कक्षेबाहेर राहतात. दुसरी फट अंमलबजावणीची. कारवाई सेवानियमांवर सोपविलेली आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांना याबाबत १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू होते; म्हणजे चौकशीचा आरंभ संस्थाचालकांच्या हाती राहतो आणि शाळेचे नाव जपण्याची इच्छा तेथे आड येऊ शकते. तिसरी फट खाजगी शिकवण्यांची. नौपाड्यासारख्या भागात अनेक मुलांचा शाळेबाहेरचा बराचसा वेळ शिकवणीत जातो. तेथे सेवानियमच नाहीत. अशा ठिकाणी आधार राहतो तो बालन्याय अधिनियमाच्या कलम ७५ चा. हे कलम अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण करून अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक यातना दिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

न्यायालयांची भूमिकाही सर्वत्र एकसारखी नाही. गोव्यातील एका प्राथमिक शिक्षिकेला दोन लहान बहिणींना मारल्याच्या आरोपावरून बाल न्यायालयाने दोषी ठरविले होते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने तिची निर्दोष मुक्तता केली. मुलांना शिस्त लावताना शिक्षकाला थोडे कठोर व्हावे लागते आणि अशा कृतीला गुन्हा म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याने स्पष्ट बंदी घातल्यानंतरही 'थोडी कठोरता' ही कल्पना किती चिवट आहे, हे त्यावरून दिसते.

५. वस्तुस्थिती आणि संशोधन

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा त्यात समावेश होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. शिक्षण हक्क अधिनियम लागू होत असतानाच, २००९-१० मध्ये, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सात राज्यांतील ६,६३२ मुलांकडून माहिती घेतली. कोणतीच शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले त्यात केवळ ९ होती. म्हणजे शिक्षा हा अपवाद नव्हता, तो शाळेचा नित्यक्रम होता.

शिक्षेचा परिणाम काय होतो, याविषयी पुष्कळ संशोधन झाले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ गर्शॉफ यांनी २००२ मध्ये ८८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. शारीरिक शिक्षेमुळे मूल त्या क्षणी ऐकते, एवढा एकच अनुकूल परिणाम त्यात आढळला. मूल्यांचा स्वीकार, आक्रमकता, मानसिक स्वास्थ्य, पालकांशी नाते या सर्व बाबतींत तिचा संबंध प्रतिकूल परिणामांशी होता. २०१६ मध्ये गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यासांतील सुमारे १,६०,००० मुलांच्या माहितीचे पुन्हा विश्लेषण केले. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ बाबतींत शारीरिक शिक्षेचा प्रतिकूल बाबींशी संबंध दिसला. एकही अनुकूल संबंध सिद्ध झाला नाही.

या निष्कर्षांची मर्यादाही नमूद केली पाहिजे. यांतील बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतील आणि पालकांनी केलेल्या शिक्षेविषयीचे आहेत. शिवाय जी मुले आधीच त्रास देतात त्यांनाच जास्त मार बसतो, त्यामुळे कारण कोणते आणि कार्य कोणते हे ठरविणे कठीण जाते. शाळेच्या संदर्भात अधिक बोलका आहे तो व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांतील तीन-चार वर्षांच्या मुलांची त्यांनी तुलना केली. एका शाळेत कठोर शारीरिक शिक्षा होत असे, दुसरीत नाही. मागे वळून खेळणे पाहू नये असे सांगून मुलांना एकटे ठेवण्यात आले आणि नंतर 'पाहिलेस का?' असे विचारण्यात आले. मार देणाऱ्या शाळेतील मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे अधिक सफाईने निभावले. प्रामाणिकपणा अंगी बाणावा म्हणून उगारलेली छडी प्रत्यक्षात पकडले न जाण्याचे कौशल्य शिकविते, असा याचा अर्थ होतो.

शिक्षक कधी शिक्षा करतो, याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळदा शिक्षा होते ती हट्टाबद्दल नव्हे, तर न येण्याबद्दल. अक्षरे उलटी लिहिणारे, वाचताना ओळ चुकणारे, एका जागी बसू न शकणारे मूल 'आळशी' किंवा 'उनाड' ठरते. महाराष्ट्राने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायदेशीर मान्यता दिली. 'तारे जमीं पर' (२००७) या चित्रपटाने हा विषय घराघरात पोहोचविला. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांतील अशा मुलांनी मेंदूच्या एका वेगळ्या रचनेबद्दल मार खाल्ला, हे आज मान्य करावे लागते. जे मूल करू शकत नाही त्याला न केल्याबद्दल शिक्षा देणे, हा अन्याय छडीच्या हितचिंतकांनाही टाळता आलेला नाही.

६. समर्थनाचे युक्तिवाद

'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?' हा सर्वांत प्रचलित युक्तिवाद आहे. तो करणारे बहुधा शिकून स्थिरावलेले असतात. माराच्या धास्तीने ज्यांची शाळा सुटली ते या चर्चेत नसतात. त्यामुळे त्यांचे मत मोजले जात नाही. शिवाय जे शिकले ते मारामुळे शिकले की मार खाऊनही शिकले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

दुसरा युक्तिवाद वर्गाच्या आकाराचा आहे. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाला समजावून सांगणे शक्य नसते, असे शिक्षक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. शिक्षण हक्क अधिनियमाने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. हे प्रमाण जेथे पाळले जात नाही, जेथे निवडणूक व जनगणनेच्या कामांनी शिक्षकाचा वेळ व्यापला जातो, तेथे छडी हा वेळ वाचविण्याचा उपाय ठरतो. परंतु हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो छडीच्या बाजूचा नसून व्यवस्थेच्या विरुद्ध आहे. शिक्षक कमी पडतात म्हणून मुलांनी मार सोसावा, असे कोणी उघडपणे म्हणणार नाही.

तिसरा युक्तिवाद शिक्षकाच्या भीतीचा. रागावले तरी गुन्हा दाखल होईल, मग मुलांना शिस्त कोणी लावायची, असे अनेक शिक्षक विचारतात. ही भीती काल्पनिक नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, शिस्तभंगाबद्दल शिक्षकाने विद्यार्थ्याला रागावणे हे स्वतः आत्महत्येस प्रवृत्त करणे ठरत नाही. छळाचे विशिष्ट आरोप व पुरावा असावा लागतो. रागावणे, समज देणे, पालकांना बोलावणे हे शिक्षकाचे अधिकार कायद्याने काढून घेतलेले नाहीत. काढून घेतला आहे तो इजा आणि अपमान करण्याचा अधिकार.

चौथा युक्तिवाद 'थोड्याशा' शिक्षेचा. उठाबशांनी कोणाचे नुकसान होते, असे विचारले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई पूर्वेतील एका शाळेत उशिरा आलेल्या सहावीच्या मुलीला पाठीवर दप्तर असताना मोठ्या संख्येने उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. तिची प्रकृती बिघडली आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. शिक्षा आणि मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध ठरविणे हे तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे. परंतु एवढे निश्चित म्हणता येईल की, शिक्षा फर्माविणाऱ्याला समोरच्या मुलाच्या शरीराची पुरेशी माहिती नसते. दमा, रक्तक्षय, हृदयातील दोष किंवा सकाळपासूनची उपासमार चेहऱ्यावर लिहिलेली नसते. 'थोडीशी' ही शिक्षा करणाऱ्याची मोजणी आहे, सोसणाऱ्याची नव्हे.

शिक्षा पुढच्या पिढीला कोणता वारसा देते, हेही ठाण्यात दिसून आले. ऑगस्ट २०२३ मध्ये शहरातील एका महाविद्यालयाच्या आवारात पावसात ओणवे ठेवलेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्रांना काठीने मारले जात असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. मारणारा शिक्षक नव्हता. तो स्वतःही विद्यार्थीच होता. अधिकार म्हणजे मारण्याचा हक्क, हा पाठ कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. मुले तो पाहून शिकतात.

७. ठाणे जिल्ह्यातील एक जुने उत्तर

छडीवाचून शिकविणे ही परदेशी कल्पना आहे, अशी समजूत आढळते. वस्तुतः तिचा एक मोठा प्रयोग मराठी शिक्षकांनी त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातच केला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात भय आणि मार यांना स्थान नव्हते. त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) आरंभापासून त्यांच्याबरोबर होत्या. हा परिसर आता, २०१४ पासून, पालघर जिल्ह्यात आहे.

तेथील वारली मुले शाळेत येत नव्हती. अशा वेळी मुलांना दोष न देता शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या प्रयोगातील तर्क शिस्तीच्या प्रश्नालाही लागू पडतो. जेथे येणे वा न येणे मुलाच्याच मर्जीवर असते, तेथे छडी उगारली तर दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडेल. म्हणून तेथील शिक्षकाला मुलाला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते : शिकण्यातील गोडी. शहरातील मूल पळून जाऊ शकत नाही, म्हणूनच तेथे छडी चालते. छडीचे यश हे बहुतांशी मुलाच्या अगतिकतेचे यश असते.

८. पर्यायांची दिशा

शारीरिक शिक्षा नको म्हणजे शिस्त नको, असे नव्हे. शिस्तीला शिक्षणात निश्चित स्थान आहे. तिच्यासाठी पुढील गोष्टी शाळेच्या पातळीवर करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, वर्गाचे नियम जूनमध्ये मुलांच्या सहभागाने ठरवून लिहून ठेवणे. स्वतः मान्य केलेला नियम मोडल्याची जाणीव लादलेल्या नियमापेक्षा अधिक खोल असते. दुसरी, चुकीचा परिणाम चुकीशी जुळणारा ठेवणे. भिंत रंगविली तर ती पुसणे, कोणाची वही फाडली तर ती लिहून देणे यात मूल नुकसान भरून काढण्यास शिकते. उठाबशांतून असा कोणताच बोध होत नाही. तिसरी, समज एकांतात देणे. वर्गासमोर अपमानित झालेले मूल सुधारण्यापेक्षा आपली प्रतिष्ठा सावरण्यात गुंतते. चौथी, वारंवार घडणाऱ्या गोष्टीचे कारण शोधणे. रोज उशिरा येणाऱ्या मुलाला धाकटे भावंड सांभाळावे लागते काय, त्याची बस घोडबंदर रस्त्यावर अडकते काय, हे विचारण्यास पाच मिनिटे लागतात.

पाचवी, शिक्षकाने एकट्याने लढू नये अशी पायऱ्यांची रचना करणे : विषयशिक्षक, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालक आणि आवश्यक तेथे समुपदेशक. नौपाड्याला या बाबतीत एक अनुकूलता आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील 'आयपीएच' ही संस्था याच परिसरात, हरिनिवासजवळ आहे. मुलाच्या वर्तनाकडे गुन्हा म्हणून न पाहता संकेत म्हणून पाहण्याची दृष्टी अशा संस्थांच्या साहाय्याने शाळांना मिळू शकते. सहावी, तक्रारीची वाट मुलांना माहीत असणे. शाळा व्यवस्थापन समिती, २०२२ च्या शासननिर्णयानुसारची सखी सावित्री समिती आणि १०९८ ही बालमदतवाहिनी यांची माहिती वर्गाच्या भिंतीवर असली पाहिजे.

सातवी बाब घराची आहे. शाळेत बंदी आणि घरी मार, अशी स्थिती असेल तर मुलाला नियमाचा अर्थ कळत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातील शारीरिक शिक्षेवरही बंदी घातली. त्यानंतर साठांहून अधिक देशांनी तो मार्ग स्वीकारला आणि दक्षिण आशियात २०१८ मध्ये नेपाळने. भारतात घराविषयी अशी स्पष्ट तरतूद नाही. तेथे बदल घडवायचा तर तो पालकसभांतून, मोकळ्या बोलण्यातूनच घडेल.

९. समारोप

शारीरिक शिक्षेला मुलांच्या शिक्षणात स्थान आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या, संशोधनाच्या आणि अनुभवाच्या कसोटीवर नकारार्थीच येते. तिच्यामुळे मूल क्षणभर गप्प बसते. पण ते का चुकले हे मुलाला कळत नाही आणि शिक्षकालाही कळत नाही. तथापि केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही, हे २०१० नंतरच्या काळाने दाखविले आहे. बंदीबरोबर लहान वर्ग, प्रशिक्षित शिक्षक आणि समुपदेशनाची सोय आली नाही, तर छडी जाते आणि तिच्या जागी उपरोध येतो. शिक्षकाला मारण्याचा अधिकार नाकारणाऱ्या समाजाने त्याला शिकविण्यास पुरेसा वेळ देणे, ही त्या नकाराची दुसरी बाजू होय. तेवढे झाले तर 'शिक्षा' या शब्दाला त्याचा मूळ अर्थ पुन्हा मिळण्यास हरकत नाही.